सगळे तेल काढू नका, असे निंबा म्हणाला होता

दिनांक २ नोव्हेंबर १९९१. जळगाव येथील कापसाचे व्यापारी सुभाषचंद यांनी आपला ड्रायव्हर निंबा झुलाल पाटील यास बावीस वर्षांच्या चाकरीनंतर कामावरून काढले. मोटारीत जाणूनबुजून बिघाड केला, असे कारण तोंडी सांगितले. चौकशी झाली नाही. गावात सुशिक्षितांची वाण नाही, परंतु एकानेही खरे काय ते विचारले नाही. म्हणून हे लिहून ठेवणे भाग पडले.

सुभाषचंदांचे वडील कांतीलाल शेठ यांनी १९६९ साली मुंबईच्या एका लिलावात लांबलचक विलायती मोटार घेतली. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप बदलत. निंबा तोवर मालट्रक चालवत असे. डाव्या पायाला कामच नाही अशी गाडी त्याला मिळाली, आणि स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला ‘एका पायाचा’ म्हणून चिडवू लागले. तो हसून सोडून देई. पुढे त्याची बायको भिकुबाई वारली. मूलबाळ नव्हते. शेठनी त्याला मोटारीच्या शेडला लागून असलेली खोली दिली. तेव्हापासून दिवसभरात ‘गाडी काढ’ याखेरीज त्याच्याशी कोणी बोलले तर तो दिवस मोठाच म्हणायचा. दुसरा गिअर रस्त्यातल्या कोणत्या कडुनिंबापाशी पडतो, हे मात्र तो डोळे मिटून सांगत असे.

गाडी घेतली तेव्हा मुंबईच्या एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला बजावले होते की, गिअरचे लाल तेल वेळच्या वेळी बदलत जा. पण एकदा का पुष्कळ वर्षे राहून गेले, तर मग सगळे एकदम काढू नकोस. गिअरच्या पेटीतल्या झिजलेल्या प्लेटा त्या काळ्या गाळाच्याच आधाराने पकड धरतात. दोन लिटर काढ, दोन भर, महिनाभर चालव, मग पुन्हा पाहा. आणि नेमके तेच झाले. ते तेल इकडे मिळेना, मिळाले तर शेठना सवड नसे. बारा वर्षे गेली, काटा एक लाख चाळीस हजार मैलांवर आला आणि तेल कोऱ्या चहासारखे काळे झाले. गाडी मात्र चालत होती.

कांतीलाल शेठ वारले. १९९१च्या दसऱ्याला बहीण कुसुमलता हिच्या सोयरिकीसाठी याच मोटारीने धुळ्याला जायचे, असे सुभाषचंदांनी ठरवले. आपल्याकडे दसऱ्याच्या पूजेला गाडीच्या पोटात जुने तेल ठेवत नाहीत. त्यांनी मुंबईहून लाल तेलाचे डबे मागवले आणि मगन मिस्तरीला बोलावले.

निंबाने मगनला बाजूला घेऊन समजावले, “बठ्ठं तेल काढशी ते पकड सुटी जाई. आज दोनच लिटर काढ.”

“तू एक पायना ड्रायव्हर,” मगन म्हणाला, “तुले गिअरमधलं काय कयस?”

मग निंबा सुभाषचंदांकडे गेला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हसून विचारले, “निंबाभाऊ, घर सारवताना अर्धा केर ठेवून सारवतात का?” दुसऱ्या दिवशी त्याला झेंडूची फुले आणायला एरंडोलला पाठवले. तो सायंकाळी परतला तेव्हा काळे तेल मोरीत गेलेले होते आणि मगनही घरी निघून गेला होता.

दसऱ्याच्या सकाळी त्याने गिअरचे तेल मोजायची पट्टी काढून पाहिली. रंग लाल होता, वास रॉकेलचा होता. मगनने इंजिन धुतात तसे गिअर रॉकेलने धुतले होते. समोर कुसुमलता बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढत होती. सोयरिकीला निघालेल्या माणसांना वाईट शब्द ऐकवू नये, ही रीत. त्याने पट्टी पुसली, परत घातली आणि तोंड मिटले. चूक झाली ती एवढीच, आणि ती लपवण्याचे कारण नाही.

पारोळ्याच्या पुढे चढावर इंजिन मोठ्याने ओरडू लागले आणि चाके थांबली. तोरण बांधलेल्या एका ट्रॅक्टरने मोटार पारोळ्यापर्यंत ओढून आणली. मंडळी एस.टी.ने धुळ्याला पोहोचली ती दिवेलागणीला, धुळीने माखलेली. मोटार ओढली जात होती तेव्हाच निंबाच्या तोंडून निघून गेले होते, “रॉकेलचा वास सकाळीच आला होता, शेठ.”

सुभाषचंदांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिले. “सकाळीच? आणि तुम्ही गप्प बसलात?”

पंधरा दिवस गेले. तोवर मगनने देवाची शपथ घेऊन सांगितले की, रॉकेलचा थेंब वापरला नाही. मग हिशेब सोपा झाला. गाडी नेमकी कशी बंद पडेल हे ज्याने आधी सांगितले, त्यानेच ती बंद पाडली असणार. “तुम्हाला तुमचं खरं करायचं होतं,” सुभाषचंद म्हणाले आणि खोलीची किल्ली मागून घेतली. या माणसाने त्यांना शाळेत नेऊन सोडले होते. मगनची चूक सांगितली असती तर अपशकुनी ठरला असता, न सांगितल्याने लबाड ठरला.

आज फेब्रुवारी संपत आला आहे. निंबा एरंडोलजवळ चुलतभावाच्या रिकाम्या घरात एकटा राहतो. भाऊ सुरतला असतो. शेजारणीने दोनदा कालवण दिले. भांडे परत द्यायला गेला तेवढेच त्याचे बोलणे. जळगावात तीन मालकांकडे तो काम मागायला गेला. दोघांच्या कानावर पारोळ्याची हकीकत आधीच पोहोचली होती. तिसरा म्हणाला, बावीस वर्षे ज्याने क्लच दाबला नाही, तो आता काय दाबणार? त्यापूर्वी त्याने नऊ वर्षे मालट्रक चालवला होता, हे सांगायला त्याला सवडच मिळाली नाही. लायसन्स घडी घालून तो परतला. आता तो कोणाकडे जात नाही.

वाचकांपैकी जळगाव-धुळ्याकडे ज्यांची गाडी असेल आणि ड्रायव्हरची जागा रिकामी असेल, त्यांनी निंबा झुलाल पाटील यास निरोप पाठवावा, चार दिवस गाडीवर बसवावे, आणि काम पटले तर ठेवून घ्यावे.