आडव्या बाळाचं पान

"तुमच्यात कोण सोळा पानांपुढं वाचतं गं?"

प्रेसचा मालक असं म्हणाला आणि हसला. माझ्या हातात माझंच पुस्तक होतं. मी दाराबाहेर उभी. आत यायचं नाय, खिळे बाटतात म्हणं. अक्षरं जुळवायचे शिशाचे खिळे! माझ्या आईच्या चांदीच्या पाटल्या मोडून त्याच्या हातावर ठेवल्या, तवा काय बाटलं नव्हतं.

मी म्हणलं, "मालक, पुस्तकात सोळा पानांनंतर माझं कायच नाय. जुनं पंचांग शिवलंय."

तो म्हणाला, "कागदावर अंगठा कुणाचा आहे? जा, तो कागद वाचून ये आधी." आणि दार लावून घेतलं.

माझी आई सुईण होती. लासूर स्टेशनच्या पल्याडचं गाव, तिथला मांगवाडा. पाटलीण अडो नायतर कुणी अडो, बोलावणं आईला. बाई मोकळी झाली की आई जिथं जिथं शिवली ते सगळं धुऊन काढायचे, आणि आईला मागच्या दारानं लावून द्यायचे. आई मला म्हणायची, "लोकांच्या तोंडाकडं बघू नको, बाईच्या पोटाकडं बघ." मी बघत गेले. लग्न होऊन शहरात आले तरी बाळंतपणं करतच होते. बाकी दिवस पोरींच्या शाळेत झाडलोट.

त्या शाळेत एक बाई शिकवायला होत्या. मोठ्या घरच्या. मराठी तर मराठी, उर्दूही फर्डी. शाळा सुटली की मी वर्ग झाडायची, आणि बाई मला फळ्यावरचं वाचायला लावायच्या. अ आ इ ई त्यांनी शिकवलं. माझा हात धरून शिकवलं. मांगाच्या बाईचा हात. मला त्या देवासारख्या वाटायच्या, खोटं कशाला बोलू.

आई गेली आणि मी घाबरले. तिच्या हातात जे होतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. मूल पायाळू असलं तर काय करायचं, आडवं असलं तर काय, वार पडली नाय तर काय. बाया मरतात हो, नुसतं कुणाला ठाऊक नाय म्हणून मरतात. दोन वर्षं बसून मी ते वहीत उतरवलं. अक्षर वाकडंतिकडं, पण एक गोष्ट सोडली नाय. बाईंनी वही वाचली आणि म्हणाल्या, "हे छापलं पाहिजे." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

प्रेसवाला त्यांच्या ओळखीचा. त्यानं आधी जिल्द दाखवली. लाल कापडाची, वर सोनेरी अक्षरं. मी भुलले. आता कुणी आधी जिल्द दाखवायला लागला की मी म्हणते, उठा बाई, हितून चला. मग त्यानं उर्दूत लिहिलेला कागद काढला. निजामाचं राज्य, कचेरीचं सगळं उर्दूत. म्हणाला, "छापायची सरकारी परवानगी आहे." मी म्हणलं, "सही करते." मला सही येत होती. किती दिवस पाटीवर घोटली होती. तो गालात हसला. बाई म्हणाल्या, "अगं, अंगठाच दे. त्यांना घाई आहे."

दिला. खाली साक्षीदार म्हणून बाईंनी उर्दूत सही केली. कागदाची एक नक्कल मला मिळाली. वही त्यानं ठेवून घेतली. मी बाईंना हळूच विचारलं, "वहीची पण नक्कल काढू का आधी?" त्या म्हणाल्या, "विश्वास नाही का?" मी लाजले. मीच लाजले, बघा.

पुस्तकं घरी आली. मी हळदकुंकू वाहिलं, फडक्यात बांधून देवाजवळ ठेवली. आठ दिवस नुसती सोडून बघायची, पहिली पानं वाचायची, आईचं नाव वाचायची, पुन्हा बांधायची. पुढचं काय वाचायचं? माझंच तर होतं, तोंडपाठ. म्हणून सांगते, प्रेसवाला बोलला ते मला झोंबलं ते खोटं होतं म्हणून नाय. आठ दिवस मीसुद्धा सोळा पानांपुढं गेले नव्हते. ह्याच भरवशावर त्यानं मला लुटलं.

मग गारखेड्याला नणंदेच्या अंगणात आसपासच्या सुईणी जमवल्या. दहा-बारा जणी, बऱ्याचशा म्हाताऱ्या. कुणाला अक्षर येत नव्हतं. मी वाचायला लागले. "बाळ आडवं असलं तर घाबरू नये. आईला डाव्या कुशीवर घ्यावं आणि पोटावर हात ठेवून आधी..." इथं पान संपलं. उलटलं. "...तूळ राशीच्या माणसांनी या महिन्यात प्रवास टाळावा."

मला वाटलं माझंच वाचायचं चुकलं. छापलेलं कसं चुकंल? पुन्हा वाचलं. पुन्हा तूळ रास. एक म्हातारी सुईण पुढं सरकून बसली होती. तिनं लई काळजीनं विचारलं, "प्रवास कुणाचा गं? बाळाचा का?"

कुणी हसलं नाय. त्या सगळ्या खरंच ऐकत होत्या. मी शेवटपर्यंत पानं उलटली. राशी, मुहूर्त, ग्रहणं. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. सगळी तशीच. माझ्या कानशिलात कुणी मारल्यागत झालं. तशीच उठले आणि प्रेसवर गेले, आणि त्यानं दार लावून घेतलं ते सांगितलंच.

कागदाची नक्कल घेऊन मी आपाकडं गेले. आपा म्हणजे शेजारच्या गल्लीतली, तिचा नवरा हिमरू कापडाच्या मागावर बसायचा, आणि तिला उर्दू वाचता यायचं. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. तिनं कागद वाचला आणि तोंडावर ओढणी धरली.

"ये परवानगी नाय गं," ती म्हणाली. "ह्याच्यात लिहिलंय, पुस्तक मिळालं, शेवटपर्यंत वाचून पाहिलं, कायच तक्रार नाय."

"छापायच्या आधीच?"

"व्हय, आधीच. आणि खाली तुझ्या बाईची सही."

म्हणजे बाईंनी हे वाचलं होतं. वाचून सही केली होती.

मी बाईंच्या घरी गेले. त्यांनी ओट्यावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला. वरून नाय ओतलं. कधीच ओतलं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. मी विचारलं, "असं का केलं?"

त्या म्हणाल्या, "पुढचं सगळं छापण्यासारखं नव्हतं गं. रक्त, नाळ, आत हात घालणं. सभ्य घरांत पुस्तक जातं. तो म्हणाला, एवढंच छापतो, बाकी पानं काहीतरी घालून भरतो. पंचांग घालेल हे मला ठाऊक नव्हतं."

"मग मला सांगायचं."

"तुला वाईट वाटलं असतं. आणि तुझ्या आईचं नाव आलं ना छापून? तुमच्यात आजवर कुणाचं आलं?"

तुमच्यात. प्रेसवाल्याच्या तोंडात हाच शब्द होता. तो पान खाऊन बोलला, ह्या मायेनं बोलल्या, एवढाच काय तो फरक.

वही कुठंय विचारलं. "रद्दीत गेली असेल." मग त्या म्हणाल्या, "मी त्याला सांगते. त्यातलं निवडक अजून छापू. तू फक्त एका कागदावर अंगठा दे."

मी पेला खाली ठेवला. म्हणलं, "नाय. तुम्ही माझ्या नावाखाली पुन्हा सही करायची नाय. कुठंच." त्या रडायला लागल्या. मी थांबले नाय. घरी येऊन मात्र पोटभर रडले. प्रेसवाला चोर होता, चोराचं काय एवढं. बाईंनी माझा हात धरून मला अक्षर दिलं होतं.

आता कुणी लिहिणारी बाई आली की मी सांगते. प्रेसवाल्याकडं त्यानं आधी छापलेलं पुस्तक माग, मधलं कुठलंही पान काढ. ते लिहिणाऱ्याचं घर विचार, आणि जा तिथं. घर सांगत नसंल तर समजून जा. वहीच्या दोन नकला केल्याबगर एक पान हातातून सोडू नको. कागद त्यांच्या माणसाकडून वाचून घेऊ नको, तुझ्या माणसाकडून घे. सोळा पानांचा एक फर्मा असतो, तो छापायच्या आधी कच्चं पान माग, आणि ते ओळीवर बोट ठेवून वाच. तोंडपाठ असलं तरी वाच. कुणी म्हणलं विश्वास नाय का, तर म्हण, नाय.

मी पुन्हा लिहायला बसलेय. अजून पुरं झालं नाय, लई वेळ लागतोय. त्या म्हातारीचं उत्तर तिला तोंडी देऊन आले, पण ती एकटी किती गावांना पुरी पडणार. म्हणून ह्या वेळी सुरुवातच तिथनं केलीय, आडव्या बाळापासनं. पहिल्याच पानावर रक्त आहे, नाळ आहे, आत घातलेला हात आहे. ज्यांना बघवणार नाय त्यांनी मिटून ठेवावं. मी त्यातली एक ओळ काढणार नाय.