कडक भाकरी नको म्हणाले

स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही, आणि आमचे हे लामावर, म्हणजे लढाईवर, गेल्यापासून तर अंगात मुंग्या शिरल्यासारखं झालं होतं. हात थांबले की डोकं चालू व्हायचं. लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला लष्कराची लॉरी चालवतात, एवढंच ठाऊक. तो मुलूख आमच्या लोहाऱ्यापासून किती लांब, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. घरात मी, सासूबाई आणि हे गेल्यावर जन्मलेली लेक. एक म्हैस होती, तीही सासूबाईंसारखी माझ्यावर सदा रुसलेली.

म्हणून मी भाकरी भाजत बसायची. साधी नव्हे, कडक भाकरी. माझं माहेर कानडी मुलखाला लागून, तिथली ही विद्या. शाळूच्या पिठात उकळतं पाणी घालून मळायचं, पापडासारखी पातळ थापायची, वर तीळ दाबायचे. तव्यावर भाजून झाली की चुलीच्या कडेला धगीला उभी करायची आणि फडक्यानं दाबत राहायचं, फुगू म्हणून द्यायची नाही. घाई केली की करपते, लक्ष गेलं की वाकडी होते. पण जमली तर महिना महिना काही होत नाही. ह्यांचा तर तिच्यावर जीव. मोडताना कट्कन आवाज आला पाहिजे, नाही आला की ताट सरकवायचे आणि मग मीही तोंड सोडायची. आमची निम्मी भांडणं भाकरीवरून झाली असतील.

लामावर परत निघालेलं जवळपासचं कुणी सापडलं की मी भाकरीची चवड आणि शेंगाची चटणी त्याच्या गळ्यात मारायची. मोगलाईची, म्हणजे आमच्या निजामाच्या राज्याची, हद्द ओलांडताना नाक्यावर शिपाई गाठोडं सोडून बघत आणि बघता बघता एखादी भाकरी मोडून तोंडातही टाकत. म्हणून जास्तीच्या एक-दोन मी वरच ठेवायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला ह्यांच्या पलटणीतला बेंबळी गावचा जोडीदार सुट्टीवर आला. परत जाताना येऊन जातो, असा त्यानं निरोप धाडला होता. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत ज्वारी गेल्यावर उरलेल्या चांगल्या पिठाच्या मी भाकरी करून ठेवल्या. तो आला, पाणी प्यायला, चवडीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

“वैनी, आवंदा कडक भाकर नगं म्हणलाय त्यो. मऊ कायतरी द्या.”

मऊ? ह्यांना? माझं डोकं सणकलं. तिकडं मऊ मऊ करून घालणारी कुणी भेटली की काय, इथवर मन धावलं.

“मऊ म्हंजी किती मऊ, भावजी?”

“मऊ म्हंजी... मऊच की.”

“शेंगापोळी देऊ?”

“तिला बी चावावं लागतंय.”

“तिळाचे लाडू?”

“ते तर फोडावं लागत्यात.”

लेक माझ्या मांडीवर होती. तिला जेमतेम दोन दात आलेले. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ गूळपाण्यात कालवून मी तिला बोटानं चाटवत होते. रागाच्या भरात मी ती वाटीच त्याच्यापुढं धरली. “मग ह्ये देऊ का? बाळाचं?”

मी टोमणा मारला होता. तो हसला नाही. “असलंच बरं हाय, वैनी,” म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला. मी वाटी खाली ठेवली.

मग मी त्याला सोडलं नाही. ह्यांची लॉरी दरडीवरून खाली गेली होती. जबडा मोडला, एका बाजूचे दात गेले, गाल शिवून काढला. आता हे इंग्रजी हद्दीतल्या लष्करी दवाखान्यात होते, आणि बोललेलं निम्मंच कळत होतं. घरी सांगू नको म्हणून त्याला शपथ घातली होती.

“सुटल्यावर तितंच डेपोत रखवालीचं काम धरतो म्हनतोय,” तो म्हणाला. “घरी येत न्हाय. लेक भिईल म्हनतोय त्येची.”

सासूबाई दारात उभ्या होत्या. “जित्ता हाय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“व्हय, मावशी.”

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. मग तशाच उठल्या आणि लाह्यांच्या पिठाचा डबा फडक्यात उपडा करायला लागल्या. मी त्यांचा हात धरला.

“न्हाय द्यायचं, आत्या.”

“अगं, उपाशी हाय माजं लेकरू!”

“दवाखान्यात उपाशी ठेवत न्हाईत. हितनं पीठ जात ऱ्हायलं की ते तितंच ऱ्हातेल.”

सासूबाई मला काय काय बोलल्या ते लिहीत नाही, काळीज दगडाचं हाय हे त्यातलं सगळ्यांत सौम्य. मी जोडीदाराकडं वळले. “भावजी, त्यांना सांगा, मऊ खायचं आसंल तर घरी येऊन खावा. हितनं आता कायबी यायचं न्हाय. लेक भिईल तर भिऊ द्या. चार दिस भिईल, मग न्हाय भेणार.”

तो रिकाम्या हातानं गेला. त्याची पाठ वळली आणि माझा धीर सुटला. ह्यांच्यापर्यंत पोचणारी एकच गोष्ट माझ्याजवळ होती, तीच मी आवरून धरली होती. नाही आले तर? सासूबाईंनी बोलणं टाकलं. मी पाणी आणायला निघायची आणि घागर घरीच ठेवून जायची. गाडीची चाकं वाजली की दाराशी धावायची. भाकरी करपायला लागल्या आणि म्हशीच्या पुढं जायला लागल्या. तोंड कसं का असेना, मला माझा माणूस हवा होता, पण हे ओरडून सांगायचं कुणाला?

आंब्याच्या दिवसांत, भर दुपारी, हे बैलगाडीतून उतरले. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. लेकीनं भोकाड पसरलं, सासूबाईंनी तिला कडेवर घेतलं. मी चुलीशी गेले. ताकातली आंबील केली आणि वाटी पुढं ठेवली. ह्यांनी वाटी उचलली, आमच्याकडं पाठ केली, भिंतीला तोंड करून बसले आणि मगच टॉवेल सोडला.

सासूसमोर नवऱ्याच्या बरोबरीनं जेवायला बसायची आमच्यात रीत नव्हती. मी माझी वाटी घेतली आणि भिंत आणि हे यांच्या मधल्या हातभर जागेत अंग चोरून बसले. ह्यांनी पटकन पंजा गालावर धरला.

“हात खाली घ्या,” मी म्हणाले, “आन् जेवा. मला बी लई भूक लागलीया.”