बडोद्याच्या दोन पटाश्या

सुरतेला गाडी बदलल्यापासून मी एका जागी बसले नाही. दोनदा खिडकी बदलली, पैशांची पिशवी कितीदा चाचपली ते आठवत नाही. नंदुरबारहून बडोद्याला एकटी जायची ही माझी पहिलीच वेळ.

आमचं कातकाम आहे. यंत्रावर लाकूड फिरवून लाटणी, चौरंगाचे पाय, पाळण्याचे खांब करायचे. दोन वर्षांपूर्वी यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. तेव्हापासून यंत्रावर मी असते, आणि गिऱ्हाईक आलं की हे पुढे होतात. हत्यारं झिजून बोटभर उरली होती. निघताना हे म्हणाले, "दांडे माझ्या हाताचे घे. हात बरा झाला की मलाच लागतील." मी मान हलवली. डॉक्टर काय म्हणाले ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मांजलपूरला माझी मामेबहीण कुसुम राहते. तिथे उतरले. तिचं बोलणं आता अर्धं गुजराती झालंय. गरम शेव-उसळ पुढे ठेवून म्हणाली, "बेस ने शांतीथी (बस ना निवांत). हत्यारं आणायला बायकोला धाडलं? भावजींचे पाय दुखतात का?" मी म्हटलं, कामाची गर्दी आहे. तिखट रश्शाने नाक वाहू लागलं ते बरंच झालं, तिला माझा चेहरा वाचता आला नाही. अर्धी वाटी खाऊन निघाले.

रावपुऱ्यात उतरायचं होतं, पण भरलेल्या रिक्षात 'थांबवा' म्हणायला तोंड उघडेना. बरीच पुढे गेले आणि उन्हातून चालत परत आले.

हत्यारांच्या दुकानात लाल रंगाच्या दांड्यांच्या आठ पटाश्या पेटीत मांडल्या होत्या. दुकानदार म्हणाला, हायस्पीड पोलाद आहे, वर्षभर धार जाणार नाही. पेटी माझ्या पैशांत बसत होती. घ्यावी आणि दुपारच्या गाडीने पळावं, असं मनात आलं. पण हायस्पीडची ठिणगी आखूड आणि तांबडी असते, हे यांनी मला शिकवलेलं. दुकानातली माणसं कमी होईपर्यंत बाहेर येरझाऱ्या घातल्या. मग हळूच विचारलं, धारेच्या चाकाला लावून बघता येईल का? तो हसला. एक पटाशी माझ्या हातात देऊन म्हणाला, मागच्या बोळात मगनकाका आहेत, त्यांच्याकडे चाक आहे.

मगनकाका म्हणजे सत्तरीचे कातारी, अंगभर लाकडाचा भुसा. त्यांनी पटाशी चाकाला टेकवली आणि फुलबाजीसारखी पांढरी चांदणी उडाली. "आ तो दिवाळी छे (ही तर दिवाळी आहे)," ते म्हणाले, आणि बोळातली माणसं हसली. मग स्वतःकडची एक काळपट, बिनदांड्याची पाती लावली. बारीक तांबड्या ठिणग्या आल्या आणि लगेच विझल्या. माझ्या पैशांत अशा दोनच येत होत्या. लाकूड गोल करायला एक खोलगट, सफाईला एक तिरकी. मी आठांचा विचार सोडत नव्हते. ते म्हणाले, आठ घेशील तर सहा खिळ्याला लटकतील.

दुकानदाराची पटाशी परत केली आणि काकांकडच्या दोन घेतल्या. पण त्यांची एक रीत होती. दांडा ते तिथेच कातून बसवायचे, आणि तोही वापरणाऱ्याच्या कोपरापासून बोटांपर्यंतचं माप घेऊन. "कोना हाथ माटे (कोणाच्या हातासाठी)?" त्यांनी विचारलं.

घरच्यांच्या, असं म्हणून मी यांचं माप सांगू लागले. माझ्यापेक्षा चार बोटं लांब. काकांचं लक्ष माझ्या तळव्यावरच्या घट्ट्यांकडे होतं. त्यांनी यंत्रावर सागाचा एक तुकडा चढवला, आपली जुनी पटाशी माझ्यापुढे धरली आणि यंत्र सुरू केलं.

पळून जावंसं वाटलं. बोळातली माणसं बघत होती. मी पटाशी टेकवली. पहिल्यांदा लाकूड खडखडलं, मग सालपटं मनगटावरून वाहू लागली. मी मान वर केली नाही. तुकडा गुळगुळीत झाला तेव्हा काकांनी यंत्र बंद केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"माझ्या," मी म्हटलं.

त्यांनी माझं माप घेतलं.

परतीच्या गाडीत पुडकं मांडीवर घेऊन मी सबबी जुळवत होते. लाकूड कमी पडलं. म्हातारा ऐकेना. भरूच गेलं, सुरत गेलं, एकही सबब पटली नाही.

घरी यांनी पुडकं सोडलं. पातीवरून अंगठा फिरवला, पोलाद चांगलं आहे म्हणाले. मग दांडा आपल्या हाताला लावून बघितला. चार बोटं कमी.

"माझ्या मापाचे केलेत," मी म्हटलं. हे उठून मागच्या दारी गेले.

दुसऱ्या दिवशी पाळण्याचे खांब सांगायला एक गृहस्थ आले आणि यांच्याशी बोलू लागले. हे बाजेवरून उठले नाहीत. "तिला विचारा," म्हणाले. "काम ती करते."

बडोद्याला जाऊन येणं सोपं होतं. त्या गृहस्थांना 'लाकूड कोणतं हवं?' एवढं विचारायला मात्र मला फार वेळ लागला.