अस्तरातली झळ

माझ्या दादाबद्दल तुम्ही काय ऐकलंय ते मला ठाऊक आहे. भिंतीभिंतीवर त्याचं चित्र आहे, लोखंडी चिलखतातलं, आणि त्याच्याखालून जाताना माणसं माना खाली घालतात. "खुर्ची मिळाली आणि डोकं फिरलं," असं आमच्या गल्लीतले शहाणे सांगतात. डोंबल! खुर्ची फार नंतर आली. मी त्याची धाकटी बहीण, आणि त्याच्या चिलखताचं अस्तर वीस वर्षं मीच शिवलं. ह्या बाबतीत तोंड उघडायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे.

चिलखताच्या आतला माणूस आधी सांगते. दारात वाकून यावं लागेल एवढा उंच, पण चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू द्यायचा नाही, कारण भिंतीपलीकडे रात्रपाळीवाले झोपलेले असायचे. मोज्यांच्या जोड्या घडी घालून ठेवायचा. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणी त्यानेच घातली, आणि अशी घट्ट घालायचा की माझे डोळे तिरळे व्हायचे. "दुखतंय का ठमे?" असं विचारायचा. मी "हो" म्हटलं की मुकाट्याने सगळी सोडून पुन्हा पहिल्यापासून. शाळेला रोज उशीर. मास्तरीणबाई मला रागवायच्या आणि मी दादाला रागवायचे.

आमचं शहर झाकणाखालचं. बाहेरची हवा फुफ्फुसं जाळते, म्हणून आजोबांच्या आधीच्या पिढीने वर झाकण घातलं आणि माणसं एकाखाली एक अशा थरांत राहायला लागली. हवा वरून खाली पंख्यांनी ढकलतात. पंखा बंद पडला की खालचा थर गुदमरतो आणि माणसं जिने चढून फाटकावर येतात. फाटकावर चिलखतातले रक्षक. चिलखत घातलं की एका माणसाच्या हातात दहाजणांचं बळ येतं, म्हणून जुन्या लोकांनी एक नियम केला होता, आणि तो आम्ही अस्तरात शिवायचो. त्याला झळ म्हणतात.

म्हणजे असं, की अस्तरात केसाएवढ्या तारा असतात, बोटांपासून खांद्यापर्यंत. रक्षकाने कुणाला ढकललं, दाबलं, मारलं, की समोरच्याला जेवढं दुखेल त्यातला वाटा त्या तारांतून रक्षकाच्या अंगात परत येतो. किती वाटा, ते बगलेतल्या शिवणीआडच्या एका कडीवर ठरतं; ती अस्तरवालीच फिरवते आणि वर शिक्का मारते. कडीला दहा घरं. चौथ्या घराच्या खाली न्यायची नाही, हा कायदा. बहुतेक रक्षक चारवरच ठेवायचे. दादा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "दहा."

"वेडा आहेस का?" मी म्हटलं. "कुणाला नुसता धक्का लागला तरी कळवळशील."

"मग धक्का लागणार नाही," तो म्हणाला. झालं. वर माझ्याकडे बघून हसला मेला.

दर महिन्याला झळ तपासायची असते. त्याला यंत्रबिंत्र काही नाही. अस्तरवाली आपला हात पुढे करते, रक्षक हातमोजा घालून मनगट दाबतो, आणि किती दुखलं ते दोघं दहापैकी आकड्यात सांगतात. "तुला किती?" "तीन." "मला तीन." दहाच्या घरावर दोघांचे आकडे जुळतात, खालच्या घरावर त्याचा आकडा त्या मानाने कमी येतो, मग वहीत सही करायची. आमच्या दोघांचे आकडे कायम जुळायचे. दुरुस्तीखान्यात शेजारच्या टेबलावर एक कारागीर होता, सगळ्यांना "पटकन करून देतो" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच पटकन पडलं होतं. तो आम्हाला चिडवायचा, "बहीणभाऊ हात हातात घेऊन बसले बघा!"

मग तो मोठा पंखा बंद पडला.

खालचा सगळा थर फाटकावर आला. बाकीचे रक्षक गडबडले, दांडकी उगारली. दादा मध्ये शिरला, अर्धं फाटक उघडलं आणि दोन्ही हातांनी ती गर्दी तोलून धरली. म्हातारी माणसं, पोटुशा बाया, दमेकरी, एकेकाला वर सोडलं. सहा तास. त्या रेटारेटीत त्याच्या हातांखाली जे जे चेंगरलं ते सगळं त्याला लागत होतं, दहाच्या दहा घरं. पण त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. खालचे लोक त्याला "बाप्या" म्हणायला लागले, बापासारखा म्हणून.

घरी आला तो माणूस मात्र पार कामातून गेलेला. हात थरथरायचे. कप धरता येईना. मोज्यांची घडी घालायला घेतली की बसून राहायचा, एक मोजा ह्या हातात, एक त्या. मी भरवायचे तर तोंड फिरवायचा, लाज वाटायची त्याला. अकरा दिवस मी ते बघितलं. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं हो! बाराव्या दिवशी चिलखत माझ्या टेबलावर होतं, शिक्का माझ्या हातात होता. मी कडी दहावरून सहावर आणली आणि वर शिक्का मारला. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असता.

त्या महिन्याच्या तपासणीला तो म्हणाला, "मला तीन. तुला?" मला पाच होते. मी म्हटलं, "तीन."

हात थांबले त्याचे. जेवायला लागला, झोपायला लागला, चहा ढवळायला लागला. मला हाव सुटली. पुढच्या वर्षी सहावरून चार केलं. त्याच्या पुढच्या वर्षी दोन. कायद्याच्या खाली. दरवेळी माझा हात थोडा जास्त दाबला जायचा आणि दरवेळी मी थोडं जास्त खोटं बोलायचे. बायकांना दुखणं गिळायची सवय असते, त्यात काय मोठंसं, असं मनाशी म्हणायचे.

आणि इकडे दादा बदलला. कसा ते नीट ऐका, कारण इथेच सगळे चुकतात. तो क्रूर झाला नाही. त्याचा विश्वास त्याच्या झळेवर होता. त्याने कुणाला हटकलं, ढकललं, आणि त्याच्या हाताला मुंगी चावल्यासारखं लागलं, तर समोरचा कशाला बोंबलतोय? "सोंगं करतात ठमे," जेवताना तो म्हणायला लागला. "मला कळतं ना किती लागलंय ते." आधी वाईट वाटून म्हणायचा, मग वैतागून, मग किळस आल्यासारखा. जी माणसं त्याला बाप्या म्हणायची ती त्याला लबाड वाटायला लागली. लबाडांना तो आणखी जोरात ढकलायचा.

एकदा जिन्यावरून एक नळवाला खाली गेला, दादाच्याच हाताने. खाली पडून ओरडत होता. दोघं रक्षक उचलायला निघाले तर दादाने अडवलं. "सोंग संपलं की उठेल आपोआप." तो उठलाच नाही. वरच्या साहेबांना मात्र असाच खमका माणूस हवा होता. सहा महिन्यांत दादा फाटकांचा प्रमुख झाला. ही ती खुर्ची.

मी काय केलं? मूग गिळून गप्प बसले. रोज ठरवायचे, आज कडी परत फिरवते, आणि रोज तो थरथरता हात आठवायचा.

शेवटची तपासणी मला पक्की आठवते. सकाळची वेळ, दिवे नुकते लागलेले. त्याने माझं डावं मनगट धरलं. त्याला काही लागेना, म्हणून त्याने आणखी दाबलं. मग आणखी. आतून वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. त्याला शिरस्त्राणात तो ऐकू गेला नाही.

"मला दोन," तो म्हणाला. "तुला किती?"

"दोन," मी म्हटलं.

"बघ," तो खूश होऊन म्हणाला, "इतक्या वर्षांत आपला आकडा एकदाही चुकला नाही." आणि सही करून गेला.

मी वहीत माझी सही केली. मग हाड बांधून घेतलं. दुसऱ्या दिवशी चिलखत घासायला आलं तेव्हा एका हाताने, दातांत दोरा धरून, शिवण उसवली, कडी दहावर नेली आणि वर शिक्का मारला. मला माझा भाऊ परत हवा होता. बाकी काही नाही.

दुसऱ्याच दुपारी तो आला. शिरस्त्राण काखेत, तोंड पांढरंफटक. जेवणाची सुट्टी होती, खोलीत फक्त पटकन डबा खात बसलेला.

"एका म्हाताऱ्याला बाजूला केलं," दादा म्हणाला. "नुसतं बाजूला. आणि मी गुडघ्यांवर बसलो ठमे, सगळ्यांसमोर. अस्तर बिघडलंय."

"आज नीट आहे," मी म्हटलं. "आधी बिघडलेलं होतं. मी बिघडवलेलं." आणि सगळं सांगून टाकलं. सहा, चार, दोन.

तो स्टुलावर बसला.

"म्हणजे ते सोंग नव्हतं?"

"नव्हतं."

"नळवाला सुद्धा?"

मी हात छातीशी घेतला. तेवढ्यात त्याचं लक्ष माझ्या झोळीतल्या हाताकडे गेलं. त्याने एक बोट, हातमोज्यातलं, पट्टीवर अलगद ठेवलं. डोळे मिटले.

"नऊ," तो म्हणाला.

"नऊ," मी म्हटलं. आणि मला रडू फुटलं, कारण कितीतरी वर्षांनी ते खरंच जुळलं होतं. वाटलं, आला. माझा दादा आला.

त्याने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. "कमी कर."

"नाही."

"ठमे, हे सगळं अंगावर घेऊन मला फाटकावर उभं राहता येणार नाही. आणि फाटक सोडलं तर मी कोण? नळवाल्याला मारणारा, एवढाच. कमी कर."

"नाही दादा. फाटक सोड. घरी चल. हात थरथरले तर मी भरवीन."

ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा तुला माझी कीव आली. आता त्यांची येतेय. माझी संपली का?"

मी कात्री उचलून खणात टाकली.

तो उठला आणि शेजारच्या टेबलाशी गेला. पटकनने डबा बंद केला, हात पुसले. "करून देतो ना साहेब, पटकन." तारा कापल्याचा आवाज मी पाठ फिरवून ऐकला. सात वेळा. जाताना दादा माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबला, पण वळला नाही. त्यानंतर तो घरी आला नाही. वर्षभरात त्याच्या सहीचा हुकूम निघाला की सगळ्याच चिलखतांतली झळ काढून टाकावी. आता आम्ही साधं अस्तर शिवतो, गादीच्या खोळीसारखं. तपासणी नाही, वही नाही.

लोक त्याला शिव्या घालतात तेव्हा मी ऐकून घेते. पहिली चार वर्षं माझी, मान्य. पुढची त्याची. पण ह्या वाटणीने मला काही बरं वाटत नाही. घरात त्याच्या मोज्यांच्या जोड्या अजून घडी घातलेल्या आहेत.

त्याचा जुना उजव्या हाताचा अस्तरमोजा मी चोरून आणलाय. त्याच्या तारा पटकनच्या कात्रीतून वाचल्या होत्या. परवा वाटलं, बघू तरी चालतो का. घालून टेबलावर आपटला, भिंतीवर आपटला, काही नाही. अर्थातच नाही. झळ तपासायला समोर दुसरं माणूस लागतं. दाराबाहेर जाऊन कुणाला म्हणणार, जरा हात द्या?

मग माझंच डावं मनगट पुढे केलं, ते वाकडं जुळलेलं. उजव्याने धरलं. दाबलं.

"दुखतंय का ठमे?" मी मोठ्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं. दोन्ही हातांना सारखंच लागत होतं. पण वेणी सोडायला कुणी नव्हतं, म्हणून मीच हात सोडला आणि दिवा मालवला.