मी दिलेला अर्धा गोल

आपल्या देशात फुटबॉलची जागतिक स्पर्धा भरली, त्या वर्षी मी रेफरी होतो. दिल्लीत नव्हे, आंधळगावच्या पुढे चार किलोमीटरवर, आमच्या शाळेच्या मैदानात.

स्पर्धा सतरा वर्षांखालच्या मुलांची होती आणि सामने मोठमोठ्या शहरांत होते. पण यजमान अख्खा देश, म्हणजे त्यात भंडारा जिल्हाही आलाच. शाळेला वरून पत्र आलं, की स्पर्धेआधी सगळीकडे फुटबॉल खेळला गेला पाहिजे. पत्रामागून तीन बॉल आले. तिन्हींत हवा नव्हती. (हवा भरायची सुई कदाचित दुसऱ्या पत्रासोबत यायची होती.)

आमच्या मुख्याध्यापक मॅडम अतिशय उत्साही. पोरं तर खेळतीलच, पण आयांनाही मैदानात उतरवू, असं त्यांनी ठरवलं. पहिली ते चौथीच्या मुलांच्या आया एका बाजूला, पाचवी ते सातवीच्या दुसऱ्या. सात-सात जणींचे संघ. रेफरी मी, कारण शिट्टी माझ्याकडे होती. फुटबॉलशी माझा त्याहून जास्त संबंध नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. पण माझा मुलगा तिसरीत होता आणि माझ्या मोठ्या बहिणीची, वंदाताईची मुलगी सातवीत. म्हणजे माझी बायको सुषमा या संघात, ताई त्या संघात, आणि मधे शिट्टी घेऊन मी.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. तर सांगतो. ताईला याच गावात दिलेलं. माझी बदली इथे झाली तेव्हा तिने घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. अंगण एक, बोअर एक, आणि बोअरच्या मोटारीचं बटन ताईच्या स्वयंपाकघरात. थोडक्यात, माझं जेवण बायकोच्या हातात आणि पाणी बहिणीच्या.

त्यातून त्या उन्हाळ्यात दोघींचं बिनसलं होतं. गच्चीवर मुगवड्या वाळत घातल्या होत्या, अवकाळी पाऊस आला, आणि वड्या दुसरी उचलेल असं दोघींनाही वाटलं. वड्या वाहून गेल्या आणि बोलणं बंद झालं. पुढचे दोन-अडीच महिने दोघी माझ्यामार्फत बोलत होत्या. सहा फुटांवर उभ्या असलेल्या ताईला सुषमाचा निरोप मी पोचवायचो आणि ताईचं उत्तर परत आणायचो. पोळ्याला कुठे त्या पुन्हा बोलायला लागल्या होत्या, तेही मोजून मापून. आणि आता हा सामना.

मी मॅडमना विनवलं, की दोघींना एकाच संघात घाला, नाहीतर मला तरी काढा. त्या म्हणाल्या, ‘‘सर, खेळ आहे. खेळासारखा घ्या.’’ मॅडम रोज तुमसरहून येऊन-जाऊन करायच्या. त्यांच्या नळाला काही होणार नव्हतं.

आदल्या संध्याकाळी ताईने मला मोटारीपाशी गाठलं.

‘‘तुझी बायको गोलात उभी रायते म्हणे. मंग बॉल जोरात मारू का हळू?’’

मी म्हटलं, ‘‘हळू मार.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

घरात आलो तर सुषमा पदर खोचून भिंतीवर बॉल आपटत आणि झेलत होती. मी तिला विश्वासाने सांगितलं, की काळजी करू नकोस, ताई हळूच मारणार आहे. सुषमा थांबली. दया दाखवलेली तिला आवडत नाही, हे लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला ठाऊक असायला हवं होतं. तिने सरळ अंगणात जाऊन ताईला सांगितलं, की हळू मारायची गरज नाही. ताई म्हणाली, ठीक आहे. या दोन वाक्यांनंतर अंगणात अशी शांतता पसरली, की पोळा झालाच नव्हता असं वाटावं.

सामन्याच्या दिवशी सारा गाव लोटला. मैदानाच्या तीन बाजूंना माणसं आणि चौथ्या बाजूला धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. धान लोंबीवर आलं होतं, म्हणून बांधीचा मालक हातात काठी घेऊन कडेच्या धुऱ्यावर उभा होता. बॉल आत गेला तर फक्त तोच आणेल, अशी त्याची अट. शिक्षण खात्याचे केंद्रप्रमुख साहेब पाहुणे म्हणून आले. गोलाच्या रेषा चुन्याने आखल्या होत्या, पण सकाळी पावसाची सर आली आणि निम्म्या धुऊन गेल्या.

पहिला अर्धा तास बॉल जिथे असेल तिथे तेरा बायका होत्या. चौदावी सुषमा, ती गोलात. चपला बाजूला निघाल्या, पदर कमरेला बांधले गेले. मी शिट्टी वाजवत होतो, ती कोणाला ऐकू येत नव्हती. हे माझ्या पथ्यावरच पडलं. ज्या निकालाने कोणी दुखावणार नाही असा एकच निकाल होता, शून्य-शून्य, आणि मी सारखा घड्याळाकडे पाहत होतो.

शेवटची दोन मिनिटं उरली. तेवढ्यात बांधीच्या मालकाने बॉल आणून नेमका ताईच्या पुढ्यात टाकला. तिच्यासमोर कोणीच नव्हतं. फक्त मोकळं मैदान आणि गोलात सुषमा. ताई लग्नाआधी कबड्डी खेळायची. ती जी धावत सुटली, तसं मी तिला वीस वर्षांत धावताना पाहिलं नव्हतं. गाव उठून उभा राहिला. सुषमा दोन्ही हात पसरून पुढे आली. ताईने पाय मागे घेतला.

आणि मी डोळे मिटले.

अगदी खरं सांगतो, ठरवून नाही मिटले. ते आपोआप मिटले. धप्प असा आवाज झाला. डोळे उघडले तर सुषमा चिखलात बसलेली, बॉल तिच्या पोटाशी पदरात गुंडाळलेला, आणि ती रेषेच्या अलीकडे की पलीकडे ते सांगायला रेषाच नाही! एक संघ गोल म्हणत होता, दुसरा नाही म्हणत होता. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी केंद्रप्रमुख साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, रेफरीचा निर्णय अंतिम असतो. मी मॅडमकडे पाहिलं. त्या रजिस्टरात काहीतरी लिहायला लागल्या. गोल दिला तर सुषमा, नाही दिला तर ताई. उन्हाळ्यातली ती दोन घरांमधली टपालसेवा मला पुन्हा दिसायला लागली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘‘अर्धा गोल.’’

कोणी हसलंही नाही.

ताई कमरेवर हात ठेवून माझ्यापाशी आली. ‘‘अर्धा कसा रे? शाळेत असंच शिकवतोस काय पोराइले?’’

सुषमा चिखलातून उठली, बॉल घेऊनच आली. तिचा आवाज अगदी शांत होता. ‘‘तुमी पाहून राहिले होते ना?’’

‘‘हो.’’

‘‘मंग सांगा, मी कोणत्या कुशीवर पडली?’’

मी अंदाजाने म्हणालो, ‘‘डाव्या.’’

सुषमा वळली. तिची पाठ मानेपासून टाचेपर्यंत चिखलाने भरली होती. दोन्ही कुशी कोरड्या.

‘‘डोळे मिटले होते यानं,’’ ताई म्हणाली. ‘‘लहानपणी इंजेक्शन घेतानी असाच मिटे.’’ (हे तिने केंद्रप्रमुखांसमोर सांगितलं.)

मी कबूल केलं. दुसरा मार्गच नव्हता. वाटलं, आता घरी दोन्हीकडून बंद. पण झालं भलतंच. ताई सुषमाकडे वळून म्हणाली, ‘‘गोल नाही झाला, सुषमा. मी जवळ होती. तू अलीकडंच अडवला.’’

सुषमा म्हणाली, ‘‘नाही ताई, गोल आहे. मी बॉल घेऊन आत गेली. मले माहीत आहे न.’’

‘‘तुले लागलं त नाही?’’

‘‘नाही. पण केवढ्या जोरानं मारला तुमी.’’

‘‘तूच म्हणली होती.’’

आणि दोघी एकदम हसायला लागल्या. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा, मोजून मापून नाही, चांगलं पोट धरून. ताई आपल्या पदराने सुषमाच्या पाठीवरचा चिखल पुसायला लागली. पुढे जाऊन काही चांगलं बोलावं म्हणून मी पाऊल उचललं, तर त्यांच्या संघांचं तिसरंच सुरू झालेलं. बाकी बाराजणींना निकाल हवा होता. प्रत्येकीने घरी जिंकूनच येते म्हणून सांगून ठेवलं होतं.

तोडगा सुषमाने काढला. सामना बरोबरीत धरावा, आणि डोळे मिटल्याबद्दल रेफरीला गोलात उभं करून चौदाजणींनी एकेक बॉल मारावा. तिच्या या सूचनेला सर्वात आधी ताईने हात वर केला. केंद्रप्रमुख साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अंतिम निर्णय माझा होता, पण तो मला कोणी विचारला नाही.

मी चष्मा काढून खिशात ठेवला आणि उभा राहिलो. बॉल आधी डावीकडून गेला, मग उजवीकडून, मग दोन पायांच्या मधून. ताईचा कानाजवळून गेला. नुसता वाराच जाणवला. शेवटी सुषमा आली. तिचा एक मी अडवला, नाकाने.

महिन्याभराने खरी स्पर्धा सुरू झाली. ताईच्या टीव्हीसमोर ताई आणि सुषमा मांडीला मांडी लावून बसायच्या, मी मागे खुर्चीवर. आपली पोरं जिवाच्या आकांताने खेळली, पण तीन सामन्यांत नऊ गोल खाऊन बाहेर पडली. दोघी फार हळहळल्या. गोलकीपरने आणखी थोडं पाहून खेळायला पाहिजे होतं, असं त्यांचं मत पडलं.

मी त्या पोराची बाजू घेतली. तीन सामन्यांत नऊ म्हणजे काहीच नाही. मी दहा मिनिटांत तेरा खाल्ले होते, तेही डोळे उघडे ठेवून.