वजिरापुढचं प्यादं

आमच्या पारगावात देशी बुद्धिबळ चालायचं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. जुन्नरच्या स्पर्धेत सगळे पहिल्या चालीला दोन घरं सरकवायचे, थोरल्या भावानं मात्र सवयीनं वजिरापुढचं प्यादं एकच घर सरकवलं. समोरचे वकील मोठ्यानं म्हणाले, “पावणं, हा पारावरचा खेळ न्हाई!” सगळे हसले. भावानं पुन्हा कधी पट मांडला नाही.

तो वारला त्याच वर्षी त्याच स्पर्धेत मी त्या वकिलांसमोर बसलो आणि मुद्दाम तीच चाल केली. ते तसेच हसले. दुपारी मात्र हळूच म्हणाले, “भाऊ, बरोबरी घ्या, जेवायची वेळ झाली.” मी नाही म्हणालो. मला मात दिसत होती, तरी आधी त्यांची उरलेली प्यादी एकेक करून मारली. लोक जेवण सोडून बघत होते. मला तेच हवं होतं.