एकाच रंगातले अकरा देश

वर्तमानपत्राच्या त्या कचेरीत सगळे त्यांना नकाशेबाई म्हणत. बावीस वर्षं निवडणुका, पूर, भूकंप त्यांच्याच हातून पानावर उतरले होते. प्रत्येक नकाशाखाली बारीक अक्षरांत त्यांचं नाव असायचं, आणि त्या नावाखातर त्या कोणाशीही भांडायच्या.

या खेपेला विषय होता देशोदेशीच्या उजव्या लोकानुनयी सरकारांचा. असे अकरा देश. तीन आठवडे बाईंनी वाचून डोळे फोडून घेतले. ‘खरी जनता आम्हीच, बाकीचे उपरे’ हा सूर सगळ्यांचा एकच, हे त्यांनाही मान्य होतं. पण पुढे ज्याची त्याची तऱ्हा वेगळी. कोणी पेन्शन वाढवत होतं, कोणी सरकारी खात्यांना टाळं लावत होतं. कोणी मित्रपक्षांच्या धाकाने दबकून होतं. एक सरकार तर निवडणूक हरून मुकाट घरी गेलं होतं, आणि त्याच्याच शेजारच्याने न्यायालयांपासून रेडिओपर्यंत सगळं खिशात घातलं होतं. बाईंचा धाकटा भाऊ याच शेजारच्या देशात रेडिओवर बातम्या वाचायचा. घसा बसला म्हणून हल्ली घरीच होता.

बाईंनी पाच रंग वापरले. संपादकांनी कपाळाला हात लावला.

“बाई, रंगपेटी सांडली का? एकच रंग द्या. वाचकाला एका नजरेत कळलं पाहिजे.”

“एका नजरेत चुकीचं कळलं तर?”

“डोक्याला ताप नको. सहाला पान छपाईला सोडायचंय.”

“निदान खुर्ची न सोडणारे तरी वेगळे दाखवू!”

“एकच रंग. पटत नसेल तर तुमचं नाव काढतो.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ‘काढा’ म्हणायला जीभ रेटेना. बावीस वर्षांत नावाशिवाय एक नकाशा गेला नव्हता. अकरा देश एका रंगात, बाईंच्या नावासकट छापून आले.

सकाळी भावाचा फोन. आवाज चांगला खणखणीत.

“ताई, आम्ही आणि शेजारी एकाच रंगात? त्यांचं सरकार हरलं आणि गेलं. आमचं जातंय का?”

“अरे, वरून सांगितलं. माझा नाइलाज झाला.”

“मलाही वरूनच कागद यायचे. म्हणून सोडली नोकरी. घसाबिसा काही बसला नव्हता, तुला काळजी नको म्हणून थाप मारली.”

बाईंनी समोरचा अंक घडी करून बाजूला ठेवला.

“आणि वरून सांगितलं होतं ना,” तो म्हणाला, “मग खाली नाव कशाला घातलंस?”